कोल्हापूरचा रॉबर्ट वायल्डर

आपल्या माणसांचे कौतुक करण्यात कोल्हापूर कधी हात आखडता घेत नाही. राजर्षी शाहू महाराज तर आमच्या बोलण्यात रोजच असतात; पण बाबूराव पेंटरांपासून ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळेपर्यंत कोणाचेही नाव निघाले, की 'आमच्याकडचा' हा शब्द त्याच्याआधी आपोआप येतो. ज्याचा जन्म २ ऑगस्ट १८६३ रोजी याच गावात झाला, ज्याने वयाच्या तेविसाव्या वर्षी उभ्या केलेल्या विद्यार्थी चळवळीतून पुढच्या साठेक वर्षांत वीस हजारांहून अधिक तरुण-तरुणी आपापला देश सोडून ख्रिस्ती मिशनरी सेवेसाठी जगभर गेल्या, त्या रॉबर्ट पार्मली वायल्डर यांच्या नावामागे मात्र हा शब्द लागलेला मी अजून ऐकलेला नाही. न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरियल चर्चमुळे 'वायल्डर' हे आडनाव रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. ते या गावात आले रॉबर्ट यांचे वडील रॉयल वायल्डर यांच्यामुळे, आणि आमच्या मंडळीतही, म्हणजे चर्चच्या लोकांतही, आठवण निघते ती बहुतेक वडिलांचीच.

वडिलांचे ऋण मोठे आहे आणि मुलाचे काम समजण्यासाठी ते आधी सांगावे लागते. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकेतून आलेले मिशनरी. अहमदनगरला काही वर्षे काढून १८५२ च्या अखेरीस ते कोल्हापुरात आले आणि शाळा काढण्याच्या मागे लागले. त्याच सुमारास त्यांना पाठवणाऱ्या बोस्टनच्या संस्थेचे धोरण बदलले. शाळांवर, विशेषतः इंग्रजी शाळांवर, पैसा आणि माणसे कमी लावावीत आणि उपदेशावर भर द्यावा, असे वरिष्ठांचे म्हणणे होते. वायल्डर यांना ते पटले नाही. वाद इतका विकोपाला गेला, की मायदेशी गेलेले वायल्डर १८६१ साली परत आले ते कोणत्याही संस्थेच्या पाठबळाविना, मित्रांनी आणि हितचिंतकांनी दिलेल्या पैशांवर. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनने हे काम आपल्याकडे घेईपर्यंत त्यांनी ते तसेच रेटले. माणूस हट्टी असला पाहिजे, यात शंका नाही. शिक्षणासाठी वरिष्ठांशी भांडण मांडणाऱ्या या माणसाच्या घरात रॉबर्ट जन्मले आणि बारा वर्षांचे होईपर्यंत इथेच वाढले.

ते कोल्हापूर कसे होते, याची कल्पना करणे आज अवघड आहे. राजाराम कॉलेज १८८० चे, रेल्वे १८९१ ची, शाहू महाराजांचे राज्यारोहण १८९४ चे; म्हणजे आजच्या कोल्हापूरच्या ओळखीच्या खुणा तेव्हा उमटायच्याच होत्या. १८७० मध्ये येथील तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना फ्लॉरेन्स येथे वारले, तेव्हा रॉबर्ट सात वर्षांचे होते आणि ती बातमी घराघरांत पोहोचली असणार. (राजाराम महाराजांची फ्लॉरेन्समधली छत्री पाहून येणारे कोल्हापूरकर दरवर्षी भेटतात. कोल्हापुरात जन्मून युरोपात विसावलेल्या या दुसऱ्या माणसाची, म्हणजे रॉबर्ट यांची, चौकशी करायला ऑस्लोला गेलेला मात्र मला कोणी भेटलेला नाही.) १८७५ मध्ये रॉयल वायल्डर यांच्या प्रकृतीमुळे कुटुंबाने कोल्हापूर सोडले आणि ते पुढे न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनला स्थायिक झाले.

रॉबर्ट यांच्या नेतृत्वाचा स्वभाव ज्याला पाहायचा असेल, त्याने प्रिन्स्टनच्या या घरात डोकावावे. वडील तिथे १८७८ पासून मिशनकार्याला वाहिलेले एक मासिक चालवत होते, म्हणजे जगाच्या कानाकोपऱ्यांतली पत्रे रोज त्या घरात येऊन पडत असणार. १८८३ मध्ये रॉबर्ट यांनी कॉलेजातल्या काही मित्रांना घेऊन एक छोटी मिशनरी संघटना काढली आणि तिच्या रविवारच्या सभा याच घरी भरू लागल्या. देवाची परवानगी असेल तर परदेशी सेवेला जाण्याची आपली तयारी आणि इच्छा आहे, एवढ्याच आशयाच्या एका निवेदनावर सभासद सही करत. बैठकीच्या खोलीत ही मुले बोलत असत, तेव्हा शेजारच्या खोलीत रॉबर्ट यांची बहीण ग्रेस त्यांच्यासाठी गुडघे टेकून प्रार्थना करत असे. ग्रेस माउंट होलीओक या मुलींच्या संस्थेतून त्याच वर्षी शिकून आली होती आणि तिथे असताना तिने मैत्रिणींचा अगदी असाच गट बांधला होता. म्हणजे कल्पना आधी बहिणीने राबवली होती. मुले निघून गेल्यावर भाऊ-बहीण एकत्र बसून मागत, की या देशातल्या सगळ्या कॉलेजांत अशी चळवळ उभी राहावी आणि एक हजार विद्यार्थ्यांनी पुढे यावे.

१८८६ च्या उन्हाळ्यात प्रख्यात सुवार्तिक (येशूचा संदेश सांगत फिरणारे उपदेशक) ड्वाइट मूडी यांच्या मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन शाळेत कॉलेज विद्यार्थ्यांचे महिनाभराचे बायबल शिबिर भरले. त्यामागे वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे कॉलेज-कार्य सांभाळणाऱ्या ल्यूथर विशर्ड यांची खटपट होती आणि रॉबर्ट यांनी आलेच पाहिजे, हा आग्रहही त्यांचाच. निघताना ग्रेसने भावाला सांगितले, की आपल्या प्रार्थनेचे उत्तर तिथे मिळेल आणि शंभर जण पुढे येतील. शिबिर केवळ मुलांचे होते. ग्रेसला तिथे जागा नव्हती.

अडीचशेच्या आसपास विद्यार्थी जमले होते. पहिले दोन आठवडे कार्यक्रमपत्रिकेत परदेशी सेवेचा विषयच नव्हता. रॉबर्ट यांनी आरंभीच ज्यांच्या मनात हा विचार होता, अशा वीस-एकवीस जणांना हुडकून काढले आणि त्यांच्यासह ते रोज प्रार्थनेला बसू लागले. मग त्यांनी धर्मोपदेशक आर्थर पिअरसन यांना या विषयावर बोलायला लावले. त्यानंतर एका संध्याकाळी दहा वेगवेगळ्या देशांशी नाते असलेले दहा विद्यार्थी व्यासपीठावर आले आणि प्रत्येकाने आपापल्या देशाची गरज थोडक्यात मांडली. त्या सभेचा परिणाम कोणत्याही व्याख्यानाहून जास्त झाला. उरलेल्या दिवसांत मुले दोघा-दोघांनी, झाडाखाली, नदीकाठी, रात्री उशिरापर्यंत खोल्यांत बोलत राहिली. रॉबर्ट मोठे वक्ते नव्हते, प्रकृतीही तोळामासा. त्यांची ताकद या समोरासमोरच्या बोलण्यात होती. शिबिराची सांगता झाली तेव्हा नव्याण्णव नावे झाली होती. निरोपाच्या प्रार्थनेला सगळे गुडघे टेकून बसले असताना आणखी एक जण आत आला आणि त्यांच्यात येऊन बसला.

या शंभरांमध्ये कॉर्नेल विद्यापीठातला जॉन मॉट नावाचा एक विद्यार्थी होता.

माउंट हर्मनची गोष्ट आमच्याकडच्या शिबिरांत कोणी सांगितलीच, तर ती इथे संपते. शंभरावा मुलगा येतो, सगळे 'आमेन' म्हणतात आणि चहाची सुट्टी होते. मला तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. शिबिरातला उत्साह घरी जाईपर्यंत टिकत नाही, हे विद्यार्थ्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. म्हणून ठरले, की काही जणांनी वर्षभर कॉलेजोकॉलेजी फिरून हा विषय मांडावा. ठरलेल्यांपैकी बाकीच्यांना जमले नाही आणि ओझे रॉबर्ट यांच्या खांद्यावर आले. त्याच वेळी वडील आजारी होते आणि मुलगा गेला तर तो परत येईपर्यंत आपण असू की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. 'मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे. तू जाऊन देवाच्या राज्याची घोषणा कर' या अर्थाचे बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातले वचन सांगून वडिलांनीच त्यांना जायला सांगितले. लाहोरच्या मिशनरी घरातून आलेला जॉन फोरमन सोबतीला आला. १८८६-८७ या शैक्षणिक वर्षात या दोघांनी दीडशेहून अधिक संस्था पालथ्या घातल्या आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी सह्या केल्या. त्यात शेकडो मुली होत्या. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये रॉयल वायल्डर वारले.

या दोन्ही प्रचारकांचे बालपण हिंदुस्थानात गेलेले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एक कोल्हापूरचा, दुसरा लाहोरचा. ज्या दूरदेशाविषयी ते बोलत होते, तो त्यांच्यासाठी नकाशावरचा ठिपका नव्हता.

दुसरे वर्ष कोणी न फिरल्याने ओसरत चाललेल्या या कामाला १८८८ मध्ये रीतसर संघटनेचे रूप मिळाले. स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट या नावाने ती पुढे जगभर ओळखली गेली आणि तिचे अध्यक्ष झाले जॉन मॉट. ते तब्बल १९२० पर्यंत त्या पदावर राहिले. १८९५ मध्ये स्वीडनमधल्या वाडस्टेना येथे जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती संघ स्थापन झाला त्यातही ते अग्रभागी होते. १९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले आणि १९४६ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. मॉट यांची थोरवी निर्विवाद आहे. पण या संघटनेचे बी ज्याच्या घरात रुजले आणि ज्याने तिच्यासाठी गावोगाव पायपीट केली, तो माणूस अध्यक्षपदाच्या खुर्चीजवळही दिसत नाही आणि त्याबद्दल त्याची तक्रार असल्याचे कुठे आढळत नाही. तो पुन्हा फिरायला निघाला. एक साधे मंडळ स्थापन केले, की संस्थापक-अध्यक्ष म्हणून पुढच्या पिढीपर्यंत फलकावर नाव ठेवणारी माणसे आपण भोवताली पाहतो, मंडळ्यांतही पाहतो. म्हणून वायल्डर यांचे हे बाजूला होणे मला त्यांच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठे वाटते. त्यांना आपल्याहून समर्थ माणूस ओळखता आला आणि त्याला वाट करून देता आली.

पुढे ते इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये गेले आणि त्यांच्या फेरीतून १८९२ साली ब्रिटिश विद्यार्थ्यांची अशीच संघटना उभी राहिली. त्याच वर्षी नॉर्वेच्या हेलेन ओल्सन यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि पती-पत्नी हिंदुस्थानात आले. कॉलेजात शिकणाऱ्या तरुणांमध्ये काम करायचे, हे त्यांनी ठरवूनच ठेवले होते. पुढे ते वाय.एम.सी.ए.मार्फत विद्यार्थ्यांतच वावरले. हा काळ मोठा खळबळीचा होता. पुण्या-मुंबईचे शिकलेले तरुण सुधारणा आधी की स्वराज्य आधी, यावर हमरीतुमरीवर येत होते, आणि धर्मांतराचा विषय निघाला की घरेच्या घरे दुभंगत होती. अशा श्रोत्यांपुढे अमेरिकन कॉलेजातले आवाहन जसेच्या तसे चालणारे नव्हते. इथे प्रश्न विचारले जात आणि उत्तरे द्यावी लागत. पण तब्येतीने साथ दिली नाही. १९०२ मध्ये त्यांना हिंदुस्थान सोडावा लागला आणि ज्या कामासाठी हजारोंना सह्या करायला लावल्या, ते आयुष्यभर करण्याचे त्यांचे स्वतःचे स्वप्न अर्धेच राहिले.

ग्रेस मात्र राहिली. वडिलांच्या निधनानंतर ती आईला घेऊन या भागात परतली होती. कोल्हापुरात आणि नंतर इथून तासाभराच्या अंतरावर असलेल्या इस्लामपूरच्या बाजूला खेड्यापाड्यांतून तिने काम केले. १९११ मध्ये ती गेली. चळवळीच्या आरंभी कॉलेजच्या मुलींसाठी तिने लिहिलेली छोटी पुस्तिका त्या काळी बरीच वाचली गेली होती. तरी इतिहासात तिची जागा 'शेजारच्या खोलीत प्रार्थना करणारी बहीण' एवढीच उरली आहे. माझ्या मते या कुटुंबावर लिहिणाऱ्यांनी तिच्यावर अन्याय केला आहे.

आमच्या शहरात कॉलेजच्या ख्रिस्ती मुलामुलींचा एक बायबल अभ्यास गट आहे आणि त्यात अधूनमधून मी शिकवतो. मुले राजाराम कॉलेजची, विद्यापीठातली, अभियांत्रिकीची. गडहिंग्लज-मिरजेकडची मराठी मुले, नर्सिंग शिकायला आलेल्या केरळच्या मुली, कधी ईशान्येकडचा एखादा गिटारवाला. वसतिगृहाच्या वेळा सांभाळून येतात, आल्या आल्या मोबाइल चार्जिंगला लावायला जागा शोधतात. त्यांना मी वायल्डर यांच्याविषयी सांगितले, तेव्हा एका मुलीने थेट विचारले, "दादा, सही करून जे गेलेच नाहीत, त्यांचं काय?"

प्रश्न नेमक्या जागी लागला. सह्या करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण गेलेच नाहीत. कोणाला वैद्यकीय तपासणीत नाकारले गेले, कोणाकडे प्रवासाचे पैसे नव्हते, कोणाचा विचार बदलला. विशीतल्या मुलांकडून भारलेल्या वातावरणात आयुष्यभराचा शब्द घ्यावा का, ही शंका तेव्हाही घेतली जात होती आणि पुढाऱ्यांनीही ती झटकून टाकली नाही. १८९२ मध्ये निवेदनाचा मजकूर बदलून, तो क्षणाच्या ओढीऐवजी विचारपूर्वक ठरवलेल्या उद्देशाचा केला गेला. मला स्वतःला ही सह्यांची पद्धत आजच्या मुलांसाठी नको वाटते. शिबिराच्या शेवटच्या रात्री मेणबत्त्या लावून हात वर करायला सांगणारे वक्ते मी पाहिले आहेत आणि महिन्याभराने त्याच मुलांच्या चेहऱ्यावरचे अपराधीपणही पाहिले आहे. पण वायल्डर यांच्या पद्धतीत सहीच्या आधी आणि नंतर जे होते, ते घेण्यासारखे आहे. एकेका विद्यार्थ्याला दिलेला वेळ, त्याच्यासाठी नाव घेऊन केलेली प्रार्थना आणि वर्षभर पाठीशी राहणे, एवढे केले तर सहीचा कागद नसला तरी चालेल.

त्या चळवळीचे घोषवाक्य होते, 'याच पिढीत संपूर्ण जगाला सुवार्ता'. आजच्या कानांना त्यात साम्राज्यकाळाचा सूर ऐकू येतो. जग जिंकायला निघाल्यासारखी लष्करी भाषा त्या पिढीच्या भाषणांत भरलेली होती आणि ज्या देशांत जायचे, तिथल्या माणसांना आपलेही काही सांगायचे असेल, हा विचार त्यांत फारसा नव्हता. १९१० च्या एडिंबरो परिषदेत दक्षिण भारतातून आलेले व्ही. एस. अझरायाह यांनी मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले, की तुम्ही त्याग केलात, देह झिजवलात, आता आम्हाला मित्र द्या. हा अझरायाह स्वतः वाय.एम.सी.ए.च्या विद्यार्थी-तरुण कार्यातून घडलेला होता. म्हणजे चळवळीतला दोष दाखवणारा आवाजही त्याच वातावरणात तयार झाला.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन विद्यार्थ्यांनीच प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. वंशभेद, युद्ध, कामगारांची दैना हे आपल्या घरातले प्रश्न सोडून आपण परदेशी कोणाला काय शिकवणार, असे ते विचारू लागले. नेमक्या या उतरणीच्या काळात, १९१९ ते १९२७, वायल्डर त्या संघटनेचे सरचिटणीस होते. आयुष्याच्या उत्तरार्धात आपण उभारलेल्या कामाला ओहोटी लागताना पाहणे आणि तरीही नव्या मुलांचे ऐकत बसणे सोपे नसते. त्यानंतरही ते घरी बसले नाहीत. साठी उलटल्यावर कैरोला जाऊन त्यांनी मध्यपूर्वेतल्या मंडळ्यांच्या परिषदेचे काम १९३३ पर्यंत सांभाळले आणि २७ मार्च १९३८ रोजी पत्नीच्या देशात, ऑस्लो येथे, त्यांचे निधन झाले.

पुतळा उभारा किंवा चौकाला नाव द्या, असे मी म्हणणार नाही. त्या वाटेने गेले की आधी वर्गणी आणि मग वाद येतात. आपल्या मंडळ्यांच्या तरुण संघांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली एक सभा या विषयाला द्यावी, एवढेच सुचवावेसे वाटते. ऐन पावसाळा असतो, पंचगंगा पात्राबाहेर आलेली असते आणि बाहेरगावची मुले घरी जाऊ न शकल्याने वसतिगृहातच अडकलेली असतात. म्हणजे ऐकायला माणसे मिळतील. त्या दिवशी फलकावर रॉयल आणि रॉबर्ट यांच्या नावांबरोबर ग्रेसचे नाव लिहावे, त्याच आकाराच्या अक्षरांत. आणि सभा शक्यतो कॉलेजच्याच मुलामुलींनी चालवावी. आम्ही वयाने मोठ्यांनी मागच्या बाकांवर बसावे आणि विचारल्याखेरीज बोलू नये.